बागेतले दिवे आणि कोकणातला पाऊस: वायरिंग नव्याने करायचंय, सल्ला हवा

पडवी | २ एप्रिल, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळ आमचं घर आहे. पुढे अंगण आणि तुळस, मागे विहीर, विहिरीपलीकडे माड-पोफळीचं छोटं आगर. घरात आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्याला. बाबा ७४ वर्षांचे आहेत. आमचा सगळा भाग कातळाचा, म्हणजे फुरशांचं राज्य. पावसाळ्यात पायरीवर, चपलांच्या शेजारी, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला फुरसं दिसणं नेहमीचं. म्हणून दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी बागेत ८ दिवे लावून घेतले. शोभेसाठी नव्हे, रात्री पाय कुठे पडतोय ते दिसावं म्हणून.

गेल्या जुलैत बाबा संध्याकाळी अनवाणी विहिरीकडे गेले आणि पायवाटेवरच्या लोखंडी खांबाला त्यांचा हात लागला. जोराचा शॉक बसला. झटक्याने मागे फेकले गेले म्हणून वाचले, खांब मुठीत धरला असता तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी पोहोचल्यावर मी स्वतः सगळं उकरून पाहिलं. दिव्यांना दोन तारांचीच वायर होती, अर्थची तार नव्हतीच. जोड जमिनीत पुरलेले आणि त्यांवर फक्त इन्सुलेशन टेप. सगळ्यात वाईट म्हणजे बोर्डावरचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) वगळून वायर थेट जोडलेली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पाऊस लागला की तो सारखा पडायचा रे, घरभर अंधार. वायरमनला सांगितलं, तो म्हणाला खराब झालाय, तात्पुरतं डायरेक्ट करून देतो." ते तात्पुरतं दहा महिने तसंच राहिलं.

त्या दिवसापासून बागेची लाइन बंद आहे. पाऊस यायच्या आत सगळं नव्याने करायचंय. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेणार आहे, पण या वेळी काय करायचं हे मला नीट समजून घ्यायचं आहे. केबल कोणती, किती खोल, जोड कसे करायचे? सोलर लावून हा प्रश्नच मिटवता येईल का? सर्वांत दूरचा दिवा घरापासून ३५ मीटरवर आहे.


मोगरा | २ एप्रिल, रात्री १०:०२

बाप रे, वाचून अंगावर काटा आला. बाबा आता बरे आहेत ना?

सोलरचा माझा नाशिकचा अनुभव सांगते. रोवायचे सहा छोटे सोलर दिवे घेतले होते. उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत छान चालायचे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र साडेआठलाच मान टाकायचे, आणि आंब्याखाली लावलेले दोन तर वर्षभर मिणमिणतेच राहिले, कारण दिवसा तिथे ऊनच पोहोचत नाही. दीड वर्षात बॅटऱ्या गेल्या. नाशिकच्या पावसात ही गत, तर तुमच्याकडे ज्या चार महिन्यांत उजेड सगळ्यात जास्त हवा, त्याच महिन्यांत ते दगा देतील. शोभेला ठीक आहेत, बाबांच्या वाटेसाठी त्यांच्यावर विसंबू नका.


सर्किटवाला | ३ एप्रिल, सकाळी ७:४०

पडवी, बाबा वाचले ही देवाची कृपा. माझी नोकरी विजेच्या देखभालीत गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी त्या ईएलसीबीबद्दल. आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो, आज दुकानात मिळतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडतो, सेकंदाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी वेळात. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला शरीरातून दोनशेच्या वर मिलिअँपिअर जाऊ शकतात. हृदयाला एवढे प्राणघातक आहेत. पावसात तुमचा आरसीसीबी पडत होता तो बरोबर पडत होता. जमिनीतल्या जोडांत पाणी शिरलंय, हेच तो आईंना सांगत होता. वायरमनने सांगणाऱ्यालाच गप्प केलं. या गोष्टीचा मला फार राग येतो, कारण असं वगळलेलं उपकरण मी किती घरांत पाहिलंय त्याला गणती नाही.

आता तुमच्या बागेचं. माझा आग्रह एकच: दिव्यांसाठी २३० व्होल्ट घराच्या भिंतीबाहेर जाऊच देऊ नका. पडवीत, पाऊस-झडीपासून दूर, उंचावर एक २४ व्होल्टचा डीसी ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्ट एसीचे २४ व्होल्ट डीसी करणारी पेटी, बसवा आणि बागेत फक्त २४ व्होल्ट न्या. ड्रायव्हर आयसोलेटेड हवा, म्हणजे २४ ची बाजू २३० पासून पूर्ण वेगळी; त्याच्यावर 'सेल्व्ह' (SELV) लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. मग खांब ओला असो, वायर सोललेली असो, हात लागला तरी जिवाला धोका नाही. आठ दिवे ५ वॅटचे धरले तर ४० वॅट होतात. ड्रायव्हर ६० वॅटचा घ्या, काठोकाठ चालवू नका.

१२ का नको, २४ का? अंतरामुळे. समजा वायरिंगच्या शेवटच्या फांदीवर (शाखेवर) चार दिवे आहेत, २० वॅट, ३५ मीटर. जाऊन-येऊन तार झाली ७० मीटर. दीड स्क्वेअर एमएम तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १३.३ ओहम, म्हणजे ७० मीटरला ०.९३. हे चारही दिवे टोकालाच आहेत असं धरू. २४ व्होल्टला करंट ०.८३ अँपिअर, वाटेत पाऊण व्होल्ट पडतो, तीन टक्क्यांच्या आसपास. डोळ्यांना कळणारही नाही. तेच १२ व्होल्टला केलं तर करंट दुप्पट, दीड व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे तेरा टक्के. शेवटचे दिवे मलूल होतात आणि मग लोक दिव्यालाच दोष देतात.


हौशी_माळी | ३ एप्रिल, सकाळी ११:२०

मी थोडं वेगळं सांगतो. साताऱ्याला आमच्या बंगल्याच्या बागेत बारा वर्षं २३० व्होल्टचेच दिवे आहेत आणि ईएलसीबी नाही. खड्डा घेऊन चांगलं अर्थिंग केलंय, कोळसा-मीठ सगळं व्यवस्थित. अर्थिंग चोख असेल तर एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच) पडतोच ना? मग पावसात सारखा पडणारा ईएलसीबी कशाला हवा?


सर्किटवाला | ३ एप्रिल, दुपारी १२:०५

माळीसाहेब, तुमचा मुद्दा अगदी बरोबर जागी आहे, म्हणूनच आकड्यांत उत्तर देतो. हा गैरसमज सगळीकडे दिसतो.

अर्थिंग-खड्ड्याचा रोध २० ओहम धरा. कातळाच्या किंवा मुरमाच्या जमिनीत, त्यातून एप्रिल-मेमध्ये, एवढा सहज निघतो. खांबाला फेज लागला तर जमिनीत जाणारा करंट होईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचा लोड वाटतो, तो पडणार नाही. १० अँपिअरचासुद्धा एवढ्यावर पडेल याची खात्री नाही. तोवर खांबावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसंच उभं. अर्थिंग पाहिजेच, पण ज्या घरात जमीन हाच परतीचा रस्ता आहे तिथे ते एकटं पुरत नाही. अर्थिंगमुळे गळती जमिनीकडे वळते आणि आरसीसीबी ती ओळखून पुरवठा तोडतो. दोघं मिळूनच काम करतात.

बारा वर्षं काही झालं नाही याचा मनापासून आनंद आहे. पण कृपया या पावसाआधी एक आरसीसीबी बसवाच. दोन पोलचा, ३० मिलिअँपिअरचा, दीड ते अडीच हजारांत येतो. शक्य झाल्यास 'टाइप ए' घ्या. एलईडी ड्रायव्हरसारख्या उपकरणांमधून गळणारा करंट शुद्ध एसी नसतो, जुना 'टाइप एसी' तिथे फसू शकतो.

आणि आरसीसीबीचं 'टी' (टेस्ट) बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका. ते बटण आतल्या आत फरक निर्माण करतं, अर्थची तार मुळात नसली तरी तो पडतोच. अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं लागतं.


हौशी_माळी | ३ एप्रिल, दुपारी ४:५०

साडेअकरा अँपिअरचं गणित मी कधी केलंच नव्हतं. घरात नातवंडं आहेत, बागेत खेळतात. सोमवारी वायरमनला बोलावलंय. धन्यवाद.


परदेशी_अंगण | ४ एप्रिल, पहाटे ५:३०

न्यू जर्सीहून. इथे घरोघरी बागेत १२ व्होल्टचे दिवेच असतात. बाहेरच्या सॉकेटला ट्रान्सफॉर्मर, तिथून बागेत केबल. कमी व्होल्टेजला नियमही सोपे आहेत, केबल ६ इंच पुरली तरी चालते. बाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय लागतो, म्हणजे तुमच्या आरसीसीबीचाच भाऊ, फक्त तो ५ मिलिअँपिअरच्या आसपासच तोडतो. मी दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी आमच्या अंगणातले दहा दिवे स्वतः लावले. सासूबाई आल्या होत्या, केबल उलगडून द्यायला त्याच होत्या. २३० व्होल्ट असतं तर माझी हिंमत झाली नसती.


रानपाखरू | ४ एप्रिल, सकाळी ८:१०

सुरक्षेचं वर छान आलंय, मला उजेडाविषयी बोलायचंय.

पडवी, तुमच्या आगरात काजवे येत असतील. मे अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत त्यांचा हंगाम. नर उडता उडता चमकतो, मादी गवतातून त्याला उत्तर देते. मागे पांढरा झगझगीत दिवा असला की त्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत आणि जोड्या जुळत नाहीत. बऱ्याच काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणजे काजवे राहिले तर तुमच्या भाजीच्या वाफ्यालाही मदतच.

दुसरं, फुरशांसाठी दिवे लावताय म्हणून मुद्दाम सांगतो. पांढऱ्या-निळसर दिव्यावर किडे झुंबड करतात. किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, त्यांच्यामागे साप. ६५०० केल्विनचा दिवा पायरीवर लावणं म्हणजे नको त्या पाहुण्याला आवतण. २७०० केल्विनचा पिवळसर घ्या, त्याहून तांबूस मिळाला तर आणखी चांगलं. दिवा गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंड खाली, वरून टोपी. कमी उंचीवरून तिरका पडणारा उजेड जमिनीवरच्या प्रत्येक काटकीची लांब सावली पाडतो आणि वाटेवर काही पडलेलं असेल तर लगेच डोळ्यांत भरतं. माणसाच्या डोळ्यांवर येणारा दिवा मात्र उलटा घातक, त्यापलीकडचं काहीच दिसत नाही.

हालचालीवर लागणारा सेन्सर बसवणार असाल तर एक लक्षात ठेवा, तो अंगाच्या उष्णतेवर चालतो. माणूस, कुत्रा, मांजर त्याला कळतं. सापाचं अंग भोवतालाइतकंच गार किंवा गरम, त्याच्यासाठी तो लागणार नाही. पायरी आणि विहिरीची वाट मंद का होईना, पण सतत उजळलेली ठेवा. आगरातले दिवे लागतील तेव्हाच लावा.


समुद्रकाठ | ४ एप्रिल, रात्री ९:३५

रानपाखरूंना +१. आमचं गुहागरला समुद्राला लागून घर आहे. गुहागर, आंजर्ले, वेळास या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर आली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालू लागतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते, पण कुणाच्या बागेत फ्लडलाइट असेल तर पिल्लू घराकडे वळतं. आम्ही समुद्राकडचे सगळे दिवे पत्र्याच्या टोप्या करून जमिनीकडे वळवले आणि नोव्हेंबर ते मे रात्री ते बंदच ठेवतो. पाहुण्यांना कारण सांगितलं की कुणीही तक्रार करत नाही, उलट मुलं उत्साहाने इतरांचे दिवे बंद करत फिरतात.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी आणखी एक: लोखंडी खांब दोन पावसाळ्यांत खलास. ३०४ ग्रेडच्या स्टीललाही खाऱ्या वाऱ्याने ठिपके पडतात, ३१६ टिकतं. आम्ही शेवटी जाड प्लॅस्टिकच्या बॉडीचे दिवे घेतले. त्यांत शॉक बसायला धातूच नाही.


पडवी | ५ एप्रिल, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा ठणठणीत आहेत, मोगराताई. हा धागा त्यांना फोनवर वाचून दाखवला. काजव्यांचं ऐकून म्हणाले, "आगरात दिवे नकोतच मग, मेमध्ये मी तिकडे खुर्ची टाकून बसतो ते त्यांच्यासाठीच." म्हणजे आठाचे सहा झाले.

सर्किटवाले काका, २४ व्होल्ट पक्कं. दोन शंका. केबल पाऊण मीटर खोल पुरतात म्हणे, पण आमच्याकडे तेवढं खणायचं म्हणजे कातळ फोडावा लागेल, ते कसं करू? आणि जोडांचं काय? आयपी ६७ चे दिवे घेतले तर पाणी शिरणार नाही ना?


सर्किटवाला | ६ एप्रिल, सकाळी ७:१५

पाऊण मीटर खोली, वाळूची गादी, वर विटा, हे २३० किंवा ४०० व्होल्टच्या आर्मर्ड केबलसाठी. २४ व्होल्टला कातळ फोडू नका. काळा एचडीपीई पाइप घ्या, गडग्याच्या कडेने वरूनच न्या, दर मीटरला क्लॅम्प मारा. पुरलेल्या केबलवर चार वर्षांनी कुणीतरी कुदळ घालतोच, दिसणाऱ्या पाइपवर घालत नाही. पाइपची तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आणि मुंग्या आत संसार थाटतात.

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून घेतलेली चाचणी. तुमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिने सलग. तरी दिवा बहुधा टिकेल. पाणी शिरतं ते दिव्याबाहेर, जोडात. आणि ते कसं शिरतं हे समजलं की काळजी आपोआप घेतली जाते. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर पडते. वर थंड सर आली की हवा आकसते आणि दिवा श्वास आत ओढतो. जोड ओला असेल तर वायरीच्या बारीक तारांमधून ते पाणी थेट दिव्याच्या पोटात जातं. रोज रात्री थोडं थोडं. म्हणून कितीही चांगली टेप गुंडाळली तरी जमिनीतला जोड टिकत नाही.

तेव्हा एकही जोड जमिनीत नको. प्रत्येक दिव्याजवळ जमिनीपासून फूट-दीड फूट वर छोटा जंक्शन बॉक्स, वायरींची तोंडं खालच्या बाजूने, ग्लँड (वायर आत शिरते तिथली पकड) घट्ट. वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. जोडावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी). २४ व्होल्टने माणूस वाचतो, पण डीसीमध्ये ओला जोड फार लवकर खराब होतो. पॉझिटिव्हचं तांबं हिरव्या पुडीसारखं झडून जातं. प्रत्येक फांदीला २ अँपिअरचा फ्यूज ड्रायव्हरजवळच टाका.

ड्रायव्हरला येणारी २३० ची लाइन आरसीसीबीतूनच हवी, आणि बागेचा आरसीसीबी घरापासून वेगळा. घरभर अंधार झाला म्हणूनच आईंनी वायरमन बोलावला होता, आठवतंय ना? बाग वेगळी पडली तर कुणाला तो वगळावासा वाटणार नाही.


मोगरा | ६ एप्रिल, सकाळी ९:००

हा शेवटचा परिच्छेद मी वायरमनला दाखवायला जपून ठेवतेय.


पडवी | १८ मे, रात्री ९:५०

काम झालं. सहा दिवे, सगळे २७०० केल्विनचे, गुडघ्याएवढे, प्लॅस्टिक बॉडीचे. ड्रायव्हर पडवीत मीटरशेजारी. गडग्यावरून पाइप. जुने लोखंडी खांब बाबांनी स्वतः उपटून काढले, एकही ठेवला नाही. घराच्या ईएलसीबीची थेट जोडलेली वायर काढून तिथे नवीन आरसीसीबी बसवला आणि बागेला वेगळा दिला. अर्थिंगसाठी अडीच मीटरचा पाइप विहिरीच्या खालच्या अंगाला, जिथे बारमाही ओल असते तिथे घातला. मोजलं तेव्हा ऐन मेमध्ये ९ ओहम आले. आधीच्या खड्ड्याचे ४१ होते.

वीज म्हणाल तर ३० वॅट, रात्री सहा तास चालले तरी महिन्याला साडेपाच युनिटच्या आत.


पडवी | २१ जून, सकाळी ८:२०

पाऊस आठ दिवस झोडपतोय. दिवे व्यवस्थित. पण काल रात्री घराचा आरसीसीबी पडला. आईने या वेळी वायरमनला न बोलावता मला फोन केला. सगळे एमसीबी खाली पाडून आरसीसीबी उचलायला सांगितला, तरी पडतोय. सगळं बंद असताना का पडावा?


सर्किटवाला | २१ जून, सकाळी ८:४५

कारण तुमचे एमसीबी एका पोलचे आहेत, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल आत जोडलेलाच राहतो आणि कुठेतरी ओल्या जागी तो जमिनीला टेकलाय. एवढ्यानेही आरसीसीबी पडतो. विहिरीच्या पंपाची लाइन घराच्या आरसीसीबीवर आहे का? असेल तर माणूस बोलावून पंपाचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही काढून बघा. आईंना बोर्ड उघडायला सांगू नका.


पडवी | २१ जून, संध्याकाळी ६:३०

पंपच निघाला. स्टार्टरच्या पेटीत मुंग्यांनी ओल्या मातीचं वारूळ केलं होतं, न्यूट्रलच्या स्क्रूपासून पेटीच्या पत्र्यापर्यंत. साफ करून ग्लँड बदलले, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला, एक मेगाओहमच्या कितीतरी वर दाखवतोय. बाबा रोज दोनदा ओल्या हाताने ती पेटी उघडतात.

पंपाला तिसरा आरसीसीबी देऊ का, की बागेच्याच आरसीसीबीवर टाकू?


सर्किटवाला | २१ जून, संध्याकाळी ६:५०

तिसरा द्या. पंपामुळे पडला तर वाटेवरचा उजेड जाता कामा नये. आणि स्टार्टरची पेटी धातूची आहे ती बदलून प्लॅस्टिकची घ्या, दार खाली उघडणारी नको.


पडवी | २१ जून, संध्याकाळी ७:०५

उद्याच करून घेतो. काका, एक सांगायचं राहिलं. परवा रात्री बाबांनी वाटेवर फुरसं पाहिलं, चार हात लांबूनच. दिव्याच्या उजेडात त्याची सावली आधी दिसली म्हणाले. थांबले, ते गडग्यात निघून गेलं, मग हे विहिरीकडे गेले.